हुसैनाराची गोष्ट अजून लिहायची आहे

कायद्याच्या कोणत्याही विद्यार्थ्याला 'हुसैनारा खातून' हे नाव विचारा. १९७९ चा निकाल, बिहार राज्य, न्यायमूर्ती भगवती, घटनेचे कलम २१ हे सारे तो एका दमात सांगेल. आता त्यालाच विचारा, ही हुसैनारा कोण होती? तिला कशासाठी धरले होते? तुरुंगात तिच्याशी कोण बोलले? सुटल्यावर ती कुठे गेली? येथे तो गप्प होतो. गेली पंचेचाळीस वर्षे या देशातल्या न्यायालयांत रोज कुठेतरी या बाईचे नाव उच्चारले जाते. पण एक माणूस म्हणून तिला कुणी ओळखत नाही. कायद्याने तिचे नाव जपले. साहित्याने ती बाई जपली नाही. या लेखात आम्हाला जे म्हणायचे आहे ते येथूनच सुरू होते.

मूळ हकीकत थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. जानेवारी १९७९ मध्ये के. एफ. रुस्तमजी यांनी 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांविषयी लिहिले. ते वाचून वकील पुष्पा कपिला हिंगोरानी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. तेव्हा उघडकीस आले की कित्येक माणसे खटला सुरूच न झाल्यामुळे वर्षानुवर्षे आत आहेत. ज्या गुन्ह्याचा आरोप, त्याला जास्तीत जास्त जेवढी शिक्षा, तिच्याहून अधिक काळ काहींनी आधीच भोगला होता. काही स्त्रिया तर आरोपीही नव्हत्या. 'संरक्षणासाठी' म्हणून त्यांना तुरुंगात ठेवले होते. जामीन मागायला वकील नव्हता आणि वकील करायला पैसा नव्हता. ९ मार्च १९७९ च्या आदेशात न्यायालयाने म्हटले की, गरीब आरोपीला मोफत वकील देणे हा न्याय्य कार्यपद्धतीचाच अविभाज्य भाग आहे. ही दया नव्हे, हा हक्क आहे.

अमेरिकेत याच हक्काची एक गोष्ट घडली आणि तिचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. फ्लोरिडातील पनामा सिटी या गावात १९६१ साली क्लॅरेन्स अर्ल गिडियन नावाच्या एका गरीब माणसावर बिलियर्डच्या अड्ड्यात घरफोडी केल्याचा आरोप आला. त्याने न्यायाधीशाकडे वकील मागितला. देहदंडाचा गुन्हा असेल तरच या राज्यात सरकार वकील देते, असे उत्तर मिळाले. त्याने स्वतःच आपला खटला चालवला, हरला आणि त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगाच्या कागदावर पेन्सिलीने अर्ज लिहून त्याने तो सर्वोच्च न्यायालयाला पाठवला. १८ मार्च १९६३ ला निकाल लागला: वकील परवडत नसेल तर राज्याने तो दिलाच पाहिजे. त्याच वर्षी फेरखटला झाला. त्या वेळी गिडियनने बाहेरून आलेले नामांकित वकील नाकारले आणि फ्रेड टर्नर हा स्थानिक वकील मागून घेतला. टर्नरने आधी गावात फिरून चौकशी केली, मग फिर्यादी पक्षाच्या मुख्य साक्षीदाराची उलटतपासणी केली. गिडियन निर्दोष सुटला. आरोपी तोच आणि आरोपही तोच. यावेळी बाजूला वकील होता एवढाच फरक.

अँथनी लुइस या पत्रकाराने १९६४ मध्ये या माणसावर 'गिडियन्स ट्रम्पेट' हे पुस्तक लिहिले. पुढे १९८० मध्ये त्यावर चित्रपट निघाला आणि हेन्री फोंडाने गिडियनची भूमिका केली. आज तिकडच्या शाळकरी मुलालाही गिडियनची पेन्सिल माहीत असते. आम्हाला त्या पुस्तकाचे महत्त्व वाटते ते एका कारणाने. लुइसने निकालाची स्तुती करून लेखणी खाली ठेवली नाही. गिडियन हा हट्टी, अनेकदा तुरुंगात जाऊन आलेला, फारसा कुणाला न आवडणारा माणूस होता, हेही त्याने लिहिले. हक्क हा सज्जनांसाठी राखून ठेवलेला नसतो, हे वाचकाला कळावे म्हणून आरोपीला त्याच्या खोडींसह उभे करावे लागते. गिडियनला लुइस मिळाला. हुसैनाराला कुणी मिळाला नाही.

आपल्याकडे कायदा कमी पडला असे म्हणता येणार नाही. कलम २२ ने अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क पहिल्यापासून दिला. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने कलम ३९-अ आले आणि मोफत कायदेशीर मदतीची जबाबदारी राज्यावर टाकली. १९७८ मध्ये होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कैद्याला निकालाची प्रत आणि अपिलासाठी वकील देणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले. भागलपूर तुरुंगातील कैद्यांचे डोळे फोडल्याच्या प्रकरणात डिसेंबर १९८० मध्ये न्यायालयाने सांगितले की, आरोपीला पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटसमोर उभे करतात त्या क्षणापासून वकील द्यायचा, आणि पैसा नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही. १९८६ च्या सुखदास खटल्यात तर आरोपीने वकील मागितला नाही म्हणून हक्क संपत नाही, असे म्हणून शिक्षाच रद्द केली. ज्याला हक्क ठाऊकच नाही तो मागणार कसा? १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींची माणसे आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती, उत्पन्न कितीही असो, मोफत वकिलाला पात्र आहे. एवढे सगळे कागदावर आहे. तरीही २०२२ च्या अखेरीस देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे दर चारांतील तिघांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नव्हता.

कागद आणि माणूस यांच्यामधले हे अंतर दाखवणे हे साहित्याचे काम आहे. ते आपल्याकडे कुणी केले का? तीन कलाकृती आमच्यासमोर येतात.

पहिली विजय तेंडुलकरांची. 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे १९६७ चे नाटक स्त्रीच्या छळाचे नाटक म्हणून वाचले जाते आणि ते योग्यच आहे. पण आम्ही ते वकिलाच्या बाजूने वाचून पाहिले. लीला बेणारेवर खेळातला खटला भरतात. फिर्यादीचे वकील सुखात्मे आणि आरोपीचे वकीलही सुखात्मेच! वकिली न चाललेला हा गृहस्थ फिर्यादीच्या बाजूने बोलताना फुलून येतो. बचावाची पाळी आली की जागा बदलतो, चेहरा पाडतो आणि गुन्हा जणू मान्यच आहे अशा सुरात दयेची याचना करून बसतो. बेणारेशी तो एक शब्द बोलत नाही. तिचे म्हणणे काय, हे त्याने तिला विचारलेले नाही. न्यायाधीश काशीकर तर खुर्ची सोडून स्वतःच साक्ष द्यायला उतरतात. शेवटी आरोपीला बोलायला दहा सेकंद मिळतात. तिचे लांबलचक स्वगत आपण प्रेक्षक ऐकतो; रंगमंचावरचे कुणी ऐकत नाही.

बेणारे शिक्षिका आहे, पैशाने कंगाल नाही, हे खरे. पण आरोपीला नावापुरता वकील देणे म्हणजे काय, याचे इतके नेमके चित्र मराठीत दुसरे आम्हाला दिसत नाही, आणि तेही होसकोट निकालाच्या अकरा वर्षे आधी. ही अतिशयोक्ती वाटत असेल तर मध्य प्रदेशातील अनोखीलालचा खटला पाहावा. २०१३ साली एका बालिकेवरील अत्याचार आणि खुनाच्या आरोपाखाली त्याला फाशी सुनावली गेली. ज्या दिवशी वकील नेमला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले आणि सुमारे पंधरवड्यात खटला संपला. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली, नव्याने खटला चालवायला सांगितले आणि नियम घातला: फाशी वा जन्मठेपेच्या खटल्यात किमान दहा वर्षांचा अनुभव असलेला वकील द्यायचा आणि तयारीला त्याला किमान सात दिवस द्यायचे. २०२४ मध्ये अनोखीलाल निर्दोष सुटला. आयुष्याची अकरा वर्षे गेली. गुन्हा भयंकर होता म्हणून घाई झाली; आणि घाई झाली म्हणून त्या मुलीलाही न्याय मिळाला नाही. वकील हा आरोपीवर केलेला उपकार आहे असे समजणाऱ्यांनी हे दुसरे वाक्य पुन्हा वाचावे.

दुसरी कलाकृती चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा २०१४ चा चित्रपट. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नारायण कांबळे हा लोकशाहीर. त्याच्या गाण्यामुळे वासुदेव पवार या गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. वीरा साथीदार यांनी शाहीर असा उभा केला आहे की तो अभिनय वाटत नाही. पण चित्रपटाचा खरा अभ्यास वकिलांचा आहे. बचावाचे वकील विनय वोरा हे सधन घरातले, प्रामाणिक, मनापासून लढणारे. त्यांच्या चांगुलपणाविषयी दिग्दर्शकाला शंका नाही, आम्हालाही नाही. तरीही मराठीत कामकाज चालले की ते अडखळतात आणि हिंदी किंवा इंग्रजीत बोला म्हणतात. ज्या शाहिराचे सारे आयुष्य मराठी शब्दावर उभे आहे, त्याच्या शब्दाचा बचाव करणाऱ्याला ती भाषा पुरती येत नाही! शाहीर आणि वकील मोकळेपणी बोलत बसले आहेत, असा प्रसंग मनावर ठसत नाही. मृत कामगाराच्या बायकोला वोरा गाडीतून घरी सोडतात आणि पैसे देऊ करतात. ती काम असेल तर सांगा म्हणते. या एका उत्तराने दया आणि हक्क यांतला भेद चित्रपट दाखवून जातो.

मात्र आमची एक तक्रार आहे. 'कोर्ट' वकिलांच्या घरी जातो, सरकारी वकील बाईंच्या स्वयंपाकघरात जातो, न्यायाधीशांच्या सहलीला जातो. आरोपीबरोबर कोठडीत मात्र तो राहत नाही. हे जाणूनबुजून केले असेल. न्यायव्यवस्था आरोपीकडे पाहत नाही हेच त्यातून दाखवायचे असेल. पण त्यामुळे प्रेक्षकही अखेरपर्यंत न्यायालयाच्या नजरेनेच शाहिराकडे पाहतो.

तिसरी कलाकृती हन्सल मेहता यांचा 'शाहिद'. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांनी तो पाहिला असेल, आणि कोरड्या डोळ्यांनी पाहिला नसेल. गोवंडीतला एक मुलगा 'टाडा'खाली तिहारला जातो, तेथे शिकतो, बाहेर येऊन वकील होतो आणि ज्यांचे वकीलपत्र कुणी घेत नाही त्यांचे घेतो. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यात, आपल्याच कार्यालयात, शाहिद आझमी यांना गोळ्या घालण्यात आल्या. चित्रपट श्रद्धांजलीचा होऊ शकला असता. तो तसा झाला नाही, कारण त्यातले न्यायालय खरे आहे: लहानशी खोली, कागदांचे गठ्ठे, वकिलांची एकमेकांवर खेकसाखेकसी. २६/११ च्या खटल्यात फहीम अन्सारींविरुद्धचा पुरावा म्हणून आणलेला नकाशा मृत अतिरेक्याच्या खिशात सापडला असे म्हणता, मग त्यावर रक्ताचा डाग कसा नाही? असा साधा प्रश्न. वकिली म्हणजे भाषण नव्हे, असा प्रश्न सुचणे म्हणजे वकिली, हे हिंदी पडद्यावर क्वचितच दिसले आहे. अन्सारी मे २०१० मध्ये निर्दोष सुटले. २९ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले, तेव्हा शाहिद नव्हते.

त्याच निकालात न्यायमूर्ती आफताब आलम आणि चंद्रमौली कुमार प्रसाद यांच्या खंडपीठाने अजमल कसाबची फाशी कायम केली; आणि त्याच निकालात असेही लिहिले की, पहिल्यांदा समोर आणलेल्या प्रत्येक आरोपीला वकिलाचा हक्क समजावून सांगणे आणि ऐपत नसेल तर वकील देणे हे मॅजिस्ट्रेटचे बंधनकारक कर्तव्य आहे. ज्याच्याविषयी सारा देश संतापलेला होता, त्याच्या निकालात हे वाक्य आहे म्हणूनच त्याला वजन आहे. देशात ठिकठिकाणी वकिलांच्या संघटना 'अमक्या आरोपीचे वकीलपत्र कुणी घेऊ नये' असे ठराव करतात. हे ठराव बेकायदा आणि शून्यवत आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये मोहम्मद रफी विरुद्ध तमिळनाडू राज्य या प्रकरणात सांगून टाकले आहे.

'शाहिद'विषयीही एक गोष्ट बोललीच पाहिजे. या चित्रपटाने आपल्या मनात शहीद वकिलाची प्रतिमा पक्की केली. पण गरिबाचा हक्क एखाद्याच्या हौतात्म्यावर अवलंबून असेल तर तो हक्क उरत नाही. शाहिद आझमींसारखा माणूस जिल्ह्याजिल्ह्यात जन्माला येत नाही. विधी सेवेचा साधा, वेळेवर येणारा, आरोपीचे ऐकून घेणारा वकील मात्र जिल्ह्याजिल्ह्यात असायला हवा. त्या साध्या वकिलाची कथा, कादंबरी आमच्या वाचनात आलेली नाही.

तीनही कलाकृतींत एक जागा रिकामी राहते: आरोपी आणि त्याचा वकील यांचे बोलणे. सुखात्मे बोलत नाहीत, वोरांना भाषा अपुरी पडते, शाहिदचे बोलणे ओझरते दिसते. आमच्या मते बचावाचा जीव याच बोलण्यात असतो. आणि हे बोलणे भाषेचे आहे, म्हणजे लेखकाच्या हद्दीतले आहे.

थोडे शब्दांकडे पाहू. आपल्या बोलण्यात 'सरकारी वकील' म्हणजे फिर्यादीचा, आपल्याविरुद्धचा वकील. अटक झालेल्या हमालाला वा गाडीवाल्याला 'तुला सरकारकडून वकील मिळेल' म्हटले की तो काय समजेल? ज्याने पकडले त्याचाच माणूस! म्हणून घरची माणसे दागिने मोडतात, कर्ज काढतात आणि खासगी वकिलाचे दार ठोठावतात. २०२२ पासून पूर्णवेळ बचाव वकिलांची नवी योजना आली; महाराष्ट्रात त्यांना 'लोक अभिरक्षक' असे नाव मिळाले. शब्द भारदस्त आहे, पण मोहल्ल्यात, वाडीत, तांड्यावर तो कुणाच्या तोंडी बसणार? तिकडे पोलिसी जबाब पाहा. माणूस दखनीत बोललेला असतो, कोकणीत बोललेला असतो. कागदावर उतरते ती ठरीव सरकारी मराठी. सगळ्यांच्या जबाबाचा शेवट एकच: वाचून दाखविला, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. खटल्याच्या अखेरीस न्यायाधीश आरोपीला थेट प्रश्न विचारतात. पूर्वी ते फौजदारी संहितेचे कलम ३१३ होते. जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते ३५१ आहे. शेकडो पानांच्या पुराव्यावर पुष्कळांची उत्तरे दोनच असतात: 'खोटे आहे', 'माहीत नाही'. आधी त्याच्याशी कुणी बसून बोललेच नसेल तर तो तिसरे उत्तर कोठून आणणार? बेणारेचे दहा सेकंद ते हेच.

हा प्रश्न एका समाजाचा नाही. महाराष्ट्रातील भटक्या जमातीच्या सहा मजुरांना २००३ च्या एका गुन्ह्यात धरले. २००९ मध्ये त्यांतील तिघांची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने फाशीत बदलली, आणि तीही त्या तिघांचे म्हणणे न ऐकता. पुढे तो निकाल मागे घेण्यात आला आणि मार्च २०१९ मध्ये सहाही जण निर्दोष ठरले. सोळा वर्षे गेली होती. अनोखीलाल आदिवासी, हे भटके, हुसैनारा मुसलमान. तुरुंगात लोकसंख्येच्या मानाने जास्त दिसणारी माणसे हीच आहेत. महाराष्ट्रातील तुरुंगांतल्या मुस्लिम कैद्यांचा अभ्यास टाटा समाजविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी केला. तोही याच प्रमाणाबाहेरच्या संख्येकडे बोट दाखवतो.

मुस्लिम मराठी लेखनात दंगल आली, मोहल्ला आला, तलाक आला, दोन भाषांमधली ओढाताण आली. तारखेला जाणारी आई फारशी आली नाही. भाकरीचे गाठोडे घेऊन ती सकाळच्या एस.टी.ने जिल्ह्याच्या ठिकाणी जाते, पुकारा होईपर्यंत व्हरांड्यात बसते, आपल्या मुलाच्या वकिलाचे नाव तिला ठाऊक नसते, आणि पुढची तारीख पडली की परत फिरते. तुरुंगातल्या 'मुलाखती'त दोघांमध्ये काय बोलले जाते? नवखा वकील पहिल्यांदा कोठडीत जातो तेव्हा आरोपी त्याच्यावर विश्वास ठेवतो का? ठेवला तर कोणत्या वाक्यानंतर? हे कोणत्याही निकालपत्रात नसते. ते लेखकालाच ऐकावे लागेल.

आमची अपेक्षा मोठी नाही. आपल्यापैकी जे वकिली करतात, शिकवतात, पत्रकारिता करतात, त्यांनी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात काही दिवस जाऊन बसावे, ऐकावे आणि लिहावे. विधी सेवा संस्थांचे पत्ते आणि दूरध्वनी पोलीस ठाणी, टपाल कचेऱ्या, बसस्थानके येथे स्थानिक भाषेत लावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितले आहे. आपल्या गावच्या स्थानकावर तो फलक लागला आहे का आणि तो कोणत्या मराठीत आहे, हेही पाहावे. १५१०० हा मोफत मदतीचा क्रमांक ज्याला वाचता येत नाही त्याला तोंडी सांगावा. आणि लिहिताना निर्दोष सुटलेल्यांच्याच कथा लिहू नयेत. ज्याने गुन्हा केला आहे त्यालाही वकील हवा असतो, हे लुइसने गिडियनच्या निमित्ताने दाखवले. आपल्या वाचकाला ते पटवून देणारे मराठी पुस्तक अजून यायचे आहे. ते आले की हुसैनारा खातून हे नाव कायद्याच्या ग्रंथातून उतरून माणसांत येईल.